देवनळाचा उतार

"कोणी पाठवला तुला? फॉरेस्टवाल्यांनी?" मुकादम दशरथने सहदेवची कॉलर पिरगाळली आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या कानाखाली ठेवून दिली.

सहदेवची टोपी दगडांत जाऊन पडली. "कॉलेजातून आलोय," तो म्हणाला. "वनस्पतीच्या खात्यात शिपाई आहे मी. हे झाड न्यायला येतो दरवर्षी."

"हे?" दशरथने वर पाहिलं आणि थुंकला.

मुलुंडच्या त्या डोंगरउतारावर पुरुषभर उंचीचे देवनळ दाटीने उभे होते. सत्तावन्न सालचा फेब्रुवारी. गुडघाभर वाळकं गवत आणि त्यातून वर आलेले पांढऱ्या फुलांचे तुरे. कॉलेजातले गुप्ते सर मुलांना शिकवत, की हे घंटाफुलांच्या कुळातलं. दांडा वाळला तरी मूळ जमिनीत जिवंत राहतं आणि पुन्हा फुटतं. सहदेव धुरीला कुळाशी कर्तव्य नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं, की ह्या झाडाला गाय तोंड लावत नाही, पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि वाळलेली पानं नुसती चुरली तरी नाका-घशाची आग होते. पन्नासच्या संपात गिरणी सुटल्यापासून तो हेच काम करत होता. सर नाव लिहून देत, सहदेव डोंगरातून झाड मुळासकट काढून आणी. कागदावर चिकटवलेल्या झाडाखाली नाव सरांचं लागे. त्याचं त्याला काही वाटत नसे.

यंदा उताराच्या पायथ्याशी खडीची खाण सुरू झाली होती. वर सुरुंगाची भोकं पाडायची, म्हणून उतार साफ करायचा होता. दोन गडी रॉकेलमध्ये भिजवलेले बोळे काठीला बांधून उभे होते.

खाली चटयांच्या आडोशाला बायका दगड फोडत होत्या. मागे बांबूंना चार झोळ्या टांगलेल्या होत्या. वारा डोंगरावरून सरळ तिकडे उतरत होता.

"पेटवू नका!" सहदेव म्हणाला. "ह्याचा धूर वाईट. खाली पोरं आहेत. मी कापून देतो सगळं."

"कापायला दोन दिवस जातील. उद्या शेठ येतोय," दशरथ म्हणाला, आणि गड्यांना त्याने हात केला.

गवत भडकलं. देवनळाची पानं तडतडली आणि पिवळट धूर जमिनीला चिकटून खाली सरकू लागला. आधी बायकांचा खोकला ऐकू आला. मग पोरांचं रडणं.

सहदेव धावला, तसं दशरथने त्याला मागून कवेत आवळलं. "कुठं चाललास? माणसं कामाला आहेत माझी!"

"सोड रे! पोरां मरतली!" घाईत सहदेवच्या तोंडून गावची बोली निघाली. मुळं खणायची पहार त्याच्या हातात होती. त्याने ती मागे हाणली. दशरथच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज झाला आणि तो गुडघ्यावर आला. वाट मोकळी झाली होती. तरी सहदेव वळला. संपात पोलिसांच्या लाठ्या खातानाही त्याने कुणावर हात उचलला नव्हता. आता त्याने पहार वर नेली आणि खाली बसलेल्या माणसाच्या खांद्यावर पुन्हा घातली. मग तो पळाला.

धुरात डोळे उघडत नव्हते. बायका ओकत होत्या. चाचपडत त्याने दोन झोळ्यांतली पोरं काखेत मारली आणि वाऱ्याच्या आडोशाला नेऊन ठेवली. परत गेला, तिसरं आणलं. चौथ्यासाठी वळला तेवढ्यात दशरथच्या गड्यांनी त्याला गाठलं. फावड्याचे दांडे पाठीवर, जबड्यावर बसू लागले.

"एक ऱ्हवलां रे," तो रक्त गिळत म्हणत होता. "झोळयेत एक ऱ्हवलां."

चौथं पोर दगड फोडणाऱ्या मालनचं होतं, सहा महिन्यांची मुलगी. मालन स्वतःच रांगत आत गेली आणि तिला घेऊन आली. मुलीची मान तिच्या दंडावरून खाली लोंबत होती.

तिसऱ्या दिवशी चौकीत फौजदाराने कागद पुढे घेतला. गुप्ते सर मुद्दाम अंधेरीहून आले होते. ते वाकून हळूच म्हणाले, "सहदेव, खाणवाले तक्रार मागे घेतायत. तू एवढंच सांग, की आग कुणाच्या तरी विडीने लागली. नोकरी राहील तुझी. नाहीतर माझ्या हातात काही नाही, बाबा."

सहदेवचा जबडा बांधलेला होता. शब्द निघायला वेळ लागला.

"आग त्यांनी लावली, साहेब. मी सांगितलेलं, लावू नका."

फौजदाराने सरांकडे पाहिलं, मग लिहिलं. "आणि मुकादमाला तू मारलंस?"

"दोनदा."

"एकदा सुटण्यासाठी, असं लिहू?"

"पहिला घाव त्यासाठी. दुसरा रागाने. तो नसता मारला, तर चौथी झोळी गाठली असती मी. तेही लिवा."

"ते कोणी विचारलं नाही," फौजदार म्हणाला.

"तरी लिवा."

गुप्ते सरांनी चष्मा काढून पुसला. ते उठले आणि निघून गेले.

सुजलेल्या बोटांनी सहदेवने एकेक अक्षर लावून सही केली. कोर्टात न्यायची गाडी यायला तासभर होता. शिपायाने त्याला बाहेर ओसरीवर नेऊन बसायला सांगितलं.

तिथे मालन बसली होती, जबानीसाठी बोलावलेली. आतलं सगळं तिला ऐकू आलं असणार. दार उघडंच होतं. सहदेव तिच्यापासून दूर, उन्हातल्या पायरीवर बसला आणि मान खाली घालून राहिला.

मग मालन भिंतीकडे थोडी सरकली आणि हाताने सावलीतली फरशी पुसून तिने जागा केली.

"हितं बसा," ती म्हणाली.