आधी आवाज, मग प्रश्न

मास्तर गेल्याचं मेकॅनिकला कारखान्याच्या कँटीनमध्ये, जेवता जेवता कळलं. फोनवर चार ओळी आल्या होत्या. त्या वाचून डोळे भरून आले, आणि मग मनात जो पहिला विचार आला त्याची त्याला अजून लाज वाटते. विचार असा, की आता हळहळायचं ते कोणत्या नावाने?

कारण त्याला नावं दोन होती. दोन नावांचा माणूस म्हटलं की आपल्याला वाटतं, कोणी तरी पोहोचलेला असणार. हा कसला पोहोचलेला! गणवेश शिवायच्या कारखान्यात साठ मशीनं सांभाळणारा पन्नाशीचा गृहस्थ, घरी बायकोला विचारल्याशिवाय पंख्याचं बटण न दाबणारा. पण गाढवपणाला अंगात फार काही असावं लागत नाही. तेवढं याच्यात होतं.

त्याचं असं झालं. इंटरनेटवर 'टीप-टाका' नावाचं एक मंडळ आहे. जुनी शिलाई मशीनं दुरुस्त करणाऱ्यांचं. तीनेकशे माणसं, कोणी शिंपी, कोणी निवृत्त, कोणी आजीचं मशीन माळ्यावरून उतरवून बसलेलं. खरं नाव तिथे कोणी लावत नाही. मंडळ चालवतात त्या सिस्टरबाई, म्हणजे पूर्वी इस्पितळात नर्स होत्या. आणि मंडळाचा जीव म्हणजे मास्तर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. चौदा वर्षं रोज सकाळी सातला बसायचे आणि जो प्रश्न पडला असेल त्याला उत्तर द्यायचे. तोच प्रश्न शंभराव्यांदा आला तरी पहिल्यांदाच आल्यासारखं. मंडळाचा एकुलता एक नियम त्यांनीच घालून दिलेला: आधी आवाज, मग प्रश्न. मशीन अर्धा मिनिट चालवायचं, आवाज रेकॉर्ड करून टाकायचा, आणि मगच काय बिघडलंय ते विचारायचं. फोटो खोटं बोलतो, म्हणायचे, आवाज नाही बोलत. हळूहळू मंडळातल्या सगळ्यांचेच कान तयार झाले होते. एखादा नुसता आवाज ऐकून लोक म्हणायचे, काय पडदेवाले, आज तेल घातलेलं दिसतंय.

या मंडळात आमचा हा 'मेकॅनिक' नावाने दाखल झाला, आणि दाखल झाल्या दिवसापासून त्याने सगळ्यांना शहाणपण शिकवायला सुरुवात केली. मी रोज साठ मशीनं बघतो, हे वाक्य तो दर दोन दिवसांनी लिहायचा. नऊ वर्षांपूर्वी एकदा त्याच्या आईचं मशीन टाके सोडायला लागलं. आई जाऊन वर्ष झालं होतं, घरात हे एवढंच मशीन, काळं, लाकडी मेजावरचं. चाकाला एक खोक पडलेली, त्यामुळे दर फेऱ्याला बारीक टक् असा आवाज यायचा. याने सुट्टीचे दोन दिवस घालून मशीन पार खिळखिळं केलं, शटल काढलं, दात काढले, पुन्हा बसवलं. टाके सुटायचे ते सुटायचेच. शेवटी त्याने आवाज टाकला आणि खाली ठणकावून लिहिलं, की सुई-शटलचं टायमिंग गेलंय, म्हणजे दोघांचा मेळ सुटलाय, या बनावटीत हा दोषच आहे.

मास्तरांनी एका ओळीत विचारलं, सुई उलटी तर बसली नाही ना?

सुईला एक चपटी बाजू असते. ती मागे जायला हवी. हे पहिल्या दिवशी मशीनला बसलेल्या पोरीलाही ठाऊक असतं. मेकॅनिकने वाकून बघितलं. चपटी बाजू पुढे होती.

मास्तर काही हसले नाहीत. पण बाकीचे हसले, पोटभर हसले, आणि साठ मशीनं बघणाऱ्या या माणसाचं नाक असं कापलं गेलं की आठवडाभर तो मंडळाकडे फिरकला नाही. आठव्या दिवशी फिरकला तो नवं नाव घेऊन. धडपड्या. बेत असा, की अडाण्याचं सोंग घ्यायचं, आडवेतिडवे प्रश्न विचारायचे आणि म्हातारा कुठे चुकतो ते चव्हाट्यावर आणायचं.

म्हातारा चुकला नाही. धडपड्याने बॉबिन कशाला म्हणतात इथपासून विचारलं, मास्तरांनी चित्र काढून दाखवलं. सापळा लावता लावता सात-आठ महिने गेले, आणि मग एक दिवस याच्या लक्षात आलं की काल विचारलेला प्रश्न सापळा नव्हताच. त्याला खरंच येत नव्हतं. वीस वर्षं कारखान्यात काढून येत नव्हतं, आणि मेकॅनिक म्हणून ते कोणाला विचारायची सोय नव्हती. मेकॅनिकला सगळं येतं, हे त्यानेच गावभर सांगून ठेवलेलं. मग धडपड्या विचारत राहिला. दर रविवारी एक प्रश्न, नऊ वर्षं. सोमवारी सकाळी ते उत्तर घेऊन मेकॅनिक कारखान्यात शायनिंग मारायचा. आणि मंडळात मेकॅनिकच्या नावाने मास्तरांशी हुज्जत घालायची ती चालूच, नाही तर संशय आला असता. शनिवारी मास्तरांवर डाफरायचं आणि रविवारी त्यांच्यापुढे पाटी घेऊन बसायचं, असा हा संसार.

बायकोला सगळं माहीत होतं. ती पानं वाढताना विचारायची, "अहो, आज दोघांपैकी जेवायला कोण येतंय?"

आता मास्तर गेले. मंडळात आठवणींचा नुसता पूर आला. कोणी लिहिलं, त्यांच्यामुळे माझं दुकान उभं राहिलं. कोणी लिहिलं, नवरा गेल्यावर वर्षभर मी फक्त त्यांच्याशी बोलत होते, तेही तेलाबद्दल. आणि दर चार आठवणींमागे एक विचारणा: धडपड्या कुठे आहे? तो मास्तरांचा लाडका, त्याच्यावर आभाळ कोसळलं असेल, कोणी तरी त्याची चौकशी करा. मेकॅनिकची चौकशी कोणी केली नाही. का करावी? फक्त पडदेवाल्याने लिहिलं, की आता मेकॅनिकला भांडायला कोणी उरलं नाही. मेकॅनिकने ते वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. रडणारा कोण होता हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सिस्टरबाईंनी रविवारी दुपारी चारला सगळ्यांना व्हिडिओवर बोलावलं. नियमाप्रमाणे आधी आवाज: प्रत्येकाने आपलं मशीन अर्धा मिनिट चालवायचं आणि एक वाक्य बोलायचं. मास्तरांची मुलगी येणार होती, वडिलांच्या वहीतलं एक पान वाचायला. मास्तरांनी आपली हत्यारांची पेटी धडपड्याला ठेवलीय, तेव्हा त्याने यायलाच हवं, असंही बाईंनी लिहिलं.

मेकॅनिकचं धाबं दणाणलं. सांगून टाकावं तर नऊ वर्षांचं सोंग उघडं पडणार, आणि तेही मास्तरांच्या शोकसभेत. लोक थुंकतील तोंडावर, मंडळातून हाकलतील. बरं, न सांगावं तर त्या माणसाच्या मुलीशी खोटं बोलून पेटी घ्यायची. शिवाय पत्ता कोणाचा देणार? त्याने दोन दिवस विचार केला आणि त्यातून जे निघालं ते ऐकण्यासारखं आहे. मेकॅनिक बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसेल. धडपड्या स्वयंपाकघरात बायकोच्या फोनवर असेल, कॅमेरा बंद, घसा बसलेला, मशीन नादुरुस्त. आणि हा दोन्हीकडे पळेल. बायकोने सगळा बेत ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, की मधल्या दारातली खुर्ची काढून ठेवू का.

चार वाजले. पडद्यावर साठेक चौकोन उगवले, प्रत्येकात एक चेहरा आणि एक मशीन. आवाज सुरू झाले. कोणाचं खडखड, कोणाचं लोण्यासारखं. पडदेवाल्याने मशीन चालवलं आणि बोलायची पाळी आली तेव्हा त्याला हुंदकाच आवरेना. मेकॅनिकचा नंबर आला. त्याने आईचं मशीन चालवलं, टक्, टक्, टक्, आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं: मास्तरांचे नि माझे मतभेद होते, पण ते जाणकार होते. बोलता बोलताच त्याला स्वतःची किळस आली. त्यातच त्याचा आवाज स्वयंपाकघरातल्या फोनमध्ये शिरून परत आला, आणि साठ घरांत एकदम कर्णकर्कश शिट्टी वाजली. सिस्टरबाई म्हणाल्या, कोणाकडे दोन फोन चालू आहेत, एक बंद करा. आमचा मेकॅनिक दुःखी चेहरा तसाच ठेवून आत पळाला. खुर्ची अजून दारातच होती. तिच्यासकट तो आडवा झाला, आणि फोन बंद करून गुडघा चोळत परत येऊन बसला.

मग मास्तरांची मुलगी बोलली. चाळिशीची बाई, वडिलांसारखीच सावकाश बोलणारी. तिने वही उघडली आणि वाचलं:

"पेटी धडपड्याला द्यावी, पण मेकॅनिकच्या हाती द्यावी. मेकॅनिक ताठ आहे, पण हाताला गुण आहे. माझ्यामागे धडपड्याला त्याने सांभाळावं. दोघांचं जमेल. दोघांच्या मशीनचा आवाज नऊ वर्षं एकच येतोय."

तिने वही मिटली. शेवटचं वाक्य मला नीट कळलं नाही, म्हणाली, पण बाबांनी लिहिलंय म्हणून वाचलं.

मेकॅनिकला मात्र कळलं. त्याने नाव बदललं होतं, लिहायची ढब बदलली होती, फोटोत मेजावरची चादरसुद्धा बदलली होती. आणि नियम पाळायचा म्हणून दर रविवारी त्याच मशीनचा आवाज टाकत आला होता. चाकावरच्या खोकेसकट. जिथे लोक आवाजावरून तेल ओळखतात तिथे. एवढा ढ माणूस साठ मशीनं कशी सांभाळतो, देव जाणे.

बायको स्वयंपाकघरातून आली, तिने आपला फोन मशीनवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "सांगा आता."

तो म्हणाला, "धडपड्या मीच आहे." "मास्तरांना खाली बघायला लावायचं म्हणून आलो होतो. नंतर मला त्यांच्याशिवाय करमेना. मला येत नव्हतं हो काही. मला जे येतं ते सगळं त्यांनी शिकवलंय, आणि मी एकदाही माझ्या नावाने त्यांना तसं सांगितलं नाही. आता कोणाला सांगू?"

मग त्याने डोळे मिटले आणि शिव्यांची वाट बघत बसला.

"मेकॅनिक, डोळे उघडा," सिस्टरबाई म्हणाल्या. "आम्हाला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. मी मास्तरांना विचारलंही होतं, की याला काढून टाकू का. ते म्हणाले, विचारतोय ना तो, मग विचारू दे. ओळखलं असं सांगितलंत तर लाजेल आणि विचारायचं सोडेल."

नऊ वर्षं तीनशे माणसांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मेकॅनिकला आपण फार हुशारीने सोंग वठवलं असं वाटत होतं, आणि सोंग त्याचं नव्हतंच, त्यांचं होतं. तो रडायला लागला. या वेळी नळ सोडायला जागा नव्हती, साठ जणांसमोर रडला. थोड्या वेळाने पडदेवाला म्हणाला, आता निदान शनिवारी तरी शांतता मिळेल. तेव्हा कुठे लोक हसले, आणि मुलगीही हसली.

पेटी आली. धडपड्याचं खातं त्याने बंद केलं. बायको म्हणाली, बरं झालं, एकाचा स्वयंपाक वाचला.

महिन्याभराने मंडळात एक नवं नाव उमटलं: मास्तरांची मुलगी. तिने नियमाप्रमाणे आधी आवाज टाकला होता. खाली लिहिलं होतं, की बाबांचं मशीन चालू ठेवावं म्हणून नवीन सुई आणून बसवली, तर ते टाके सोडतंय, बाबांना आवडलं नसतं, फार वाईट वाटतंय.

मेकॅनिक तेव्हा कँटीनमध्ये बसला होता. त्याने तो आवाज तीनदा ऐकला. मग खरकटा हात पुसून सावकाश टाइप केलं: ताई, सुई उलटी तर बसली नाही ना? चपटी बाजू मागे हवी. मी एकदा उलटी बसवली होती आणि दोन दिवस मशीन खोललं होतं. तुमच्या बाबांनी एका ओळीत सांगितलं.

अर्ध्या तासाने दुसरा आवाज आला. आता टाके सुटत नव्हते. मशीन एका लयीत चाललं होतं, कुठे खट्ट नाही की खुट्ट नाही. मेकॅनिकने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. शेजारी जेवणाऱ्या बायका दिवसभर मशीनवरच बसतात, त्यांचे हात थांबले. काय सुरेख चालतंय, एक जण म्हणाली, कोणाचं आहे?

"माझ्या मास्तरांचं," तो म्हणाला.