मेंढवाड्यातलं इंग्रजी पुस्तक

मित्रांनो, वासानं नाक मुरडू नका. मी एक जुनं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आहे, आणि माझी निम्मी हयात मेंढ्यांच्या सोबतीत गेली. जन्म मात्र हैदराबादच्या छापखान्यातला, निजामाच्या राजवटीतला. तेव्हा बीडकडच्या पोरांना घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि इंग्रजी शिकायचं तेही उर्दूतून. माझ्या एका पानावर एक धडा. नवा शब्द आला की खाली उर्दूत अर्थ, तोही एकदाच. पुन्हा पुन्हा सांगणं मला जमत नसे. एकदा सांगितलं की ध्यानात ठेवायचं, असा माझा खाक्या. त्या खाक्याची आज लाज वाटते.

दिंद्रुडच्या शाळेत राधाकिशन मास्तर मला हातात धरून शिकवीत. पुस्तक एकच, त्यामुळे पोरं नुसती ऐकत आणि मागून म्हणत. त्यांत आश्रुबा धनगराचा म्हाळू लई चिकाटीचा. त्याला फळ्यावरची अक्षरं जुळवून वाचता येऊ लागली, माझा पहिला धडा आता सुरू व्हायचा, तोच मास्तरांची बदली झाली. जाताना त्यांनी मला त्याच्या हवाली केलं.

"सहा महिन्यांनी बीडला इम्तिहान हाय," ते म्हणाले. "पास झालास तर तिथं राहून शिकशील. न्हाई तर तुझी शाळा इथंच संपली बघ."

दुसरे मास्तर आलेच नाहीत. मी आणि म्हाळू, दोघंच उरलो. आश्रुबाला अक्षरओळख नव्हती, पण लेकाची सगळी कामं त्यानं अंगावर घेतली. "तू वाच. मेंढरं मी बघतो," एवढंच म्हणाला.

म्हाळूनं मला पहिल्यांदा उघडलं, आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. त्यानं मला उजवीकडून उघडलं होतं. त्याचं तरी काय चुकलं? शाळेतल्या साऱ्या उर्दू किताबी उजवीकडूनच उघडायच्या. माझा शेवटचा धडा त्याला पहिला वाटला. पानावरचे आकडे इंग्रजी, ते त्याला कुणी शिकवलेच नव्हते. अवघड अवघड वाक्यं तो घोकू लागला. ज्या शब्दांचे अर्थ मी सुरुवातीच्या पानांवर सांगून मोकळा झालो होतो, ते त्याला कळेनात. तो कपाळाला हात लावून बसे, पुन्हा पहिल्यापासून म्हणे. मला ओरडून सांगावंसं वाटे, अरे बाबा, मला पालथं कर. पण पुस्तकाला तोंड कुठं असतं? त्याच्या मांडीवर असूनही मला फार एकटं वाटायचं.

सहा महिन्यांत तो जेमतेम निम्म्यापर्यंत आला. बीडला परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्याच्याच हातातून मला घेतलं, डावीकडून उघडलं आणि म्हणाले, "हे वाच, अर्थ सांग."

म्हाळूनं वाचलं, पण अर्थ सांगता येईना. "या पानापोतर मी पोचलोच न्हाई, साहेब."

"अरे, हे तर पहिलंच पान आहे. उलटीकडून कशाला शिकलास? कुणी सांगितलं नाही?"

"सांगाया कोण व्हतं, साहेब?"

साहेबांना वाईट वाटलं असावं. तरी त्यांनी त्याला नापासच केलं.

बाहेर आश्रुबा भाकरीचं फडकं घेऊन उभा होता. "कावून गप हाईस रे?"

"म्या नीट अभ्यास केला न्हाई, आबा," म्हाळू म्हणाला.

आश्रुबानं ते खरं मानलं. सहा महिने दोघांचं काम ओढलेला तो माणूस खाली मान घालून चालू लागला. म्हाळू त्याच्या मागं. इतकी मेहनत केलेल्या पोरानं स्वतःवर आळशीपणाचा ठपका घेतला, आणि मी एकटाच साक्षीदार, तोही मुका.

त्यानंतर त्यानं मला उघडलं नाही. माझी पहिली पानं अजून कोरी करकरीत आहेत. मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा, कव्हरं घाला, ते बरंच आहे. पण तुमच्या शेजारी कुणी एकटं शिकत बसलं असेल, तर घटकाभर त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि कुठून सुरुवात केलीस, एवढं त्याला विचारा.