रुखवतातला सहावा चमचा

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. चमचा म्हणवतो खरा, पण मला दांडी नाही. एका टोकाला भोक आहे, त्यात गंजलेली कडी आहे आणि पाठीवर एक खोल ओरखडा आहे. माझ्याने आता कुणाला साधी खीरही खाता येणार नाही. तरीसुद्धा सिल्वासात, आमलीच्या एका चाळीत, दाराच्या आतल्या बाजूला मी खिळ्यावर मानाने लटकतो आहे. घरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण आधी मला बोट लावतो, मग चपला घालतो!

माझा जन्म एका भांड्यांच्या कारखान्यात झाला. वरून धाडकन दाब आला आणि सपाट पत्र्याला पोट फुटले. आम्ही सहा भाऊ होतो. धुळ्याच्या बाजारातून आम्ही थेट सुलभाबाईंच्या रुखवतात जाऊन बसलो. आमच्या दांडीवर 'सौ. सुलभा' असे नाव घातलेले होते. काय तो थाट! लग्नात आलेल्या बायका आम्हाला उचलून उचलून नाव वाचत.

पुढे सुलभाबाईंचे यजमान मधुकरराव सिल्वासाच्या एका सुताच्या कंपनीत लागले आणि आम्हीही इकडे आलो. इथे सगळे आयुष्य भोंग्यावर चालायचे. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर डबा उघडायचा, भोंग्यावर घरी यायचे. मधुकररावांना तर भोंग्याची इतकी सवय झाली, की तो वाजला तरी त्यांना ऐकूच येत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिनेच घात केला.

मधुकरराव कोरड्या गावचे. त्यांना पोहता येत नव्हते. पण दमणगंगा पाहिली आणि त्यांना मासे धरायचे वेडच लागले. कंपनीतला त्यांचा दोस्त गोकुळ नंदुरबारकडचा. तो बांबूच्या काठीला जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधायचा, गळाला गांडूळ लावायचा आणि विड्या ओढत बसायचा. मधुकररावांना मात्र मरळ हवी होती. मरळ म्हणजे दगडाआड दबा धरून बसणारा, चपळ, दांडगा मासा. कुणीतरी त्यांना सांगितले, की पाण्यातून चकाकता चमचा ओढला तर मरळीला तो छोटा मासा वाटतो आणि ती झडप घालते.

झाले! एका दुपारी करवत आली. माझी दांडी गेली. टोकाला भोक पडले, शेपटीला तीन काट्यांचा गळ लागला.

सुलभाबाई डबे घासता घासता बाहेर आल्या आणि त्यांनी खाली पडलेली दांडी उचलली.

"अहो, माझ्या नावाचा तुकडा केलात!"

"अगं, पाच आहेत ना अजून."

"सहा होते. बापाने सहा दिले होते मला!"

त्या दिवसापासून पाहुणे आले आणि चमचा कमी पडला, की त्या मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "सहावा कामाला गेलाय. नदीवर!"

मग मला खिशात घालून मधुकरराव दमणच्या बाजारात गेले. सोबत त्यांची लेक मंजुषा होती. नववीत जाणारी, दोन वेण्यांची, एका जागी न टिकणारी. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात तिने सगळ्यात जाड काठी उचलली.

"आप्पा, ही घ्या. हिने मगरसुद्धा येईल!"

दुकानदार भावेशभाई हसले. त्यांनी मला तळहातावर घेऊन हलवून पाहिले. "बेन, आधी काठी नाय बघायची. आधी चमचा बघायचा. चमचा हलका, तर काठी नरम. काठी नरम, तर रीळ नानी, छोटी. रीळ नानी, तर तंगूस बारीक. एकाने दुसऱ्याचं ऐकायला पायजे. नायतर घरात रोज झगडा!"

"आणि जाड तंगूस घेतला तर?"

"मजबूत, एकदम मजबूत. पण जाड तंगूस पायाशीच पडेल. बारीक लांब जाईल. मासा कुठे आहे, पायाशी का लांब?"

मंजुषाने ते पाढ्यासारखे पाठ केले. घरी येईपर्यंत बसमध्ये तिची टकळी चालू होती. चमचा हलका तर काठी नरम, काठी नरम तर रीळ नानी!

बारीक तंगूस पाहून गोकुळकाका खो खो हसले. "मधुकरभो, याने काय मच्छर धरणार का?" पण पहिल्याच महिन्यात मी अशी मरळ काढली, की काकांची विडी विझली. चाळीत माझे कौतुक झाले. सुलभाबाईंनी कालवणाची कढई उतरवताना माझ्याकडे पाहून नाक मुरडले, पण हसू त्यांना लपवता आले नाही.

पण कौतुक फार टिकत नाही, मित्रांनो. वर्षभराने मधुकररावांनी पितळेचा नवा चमचा आणि नवी काठी आणली. आणि मी? मंजुषाने हट्ट धरला होता, मलाही गळ फेकायचाय. मधुकरराव म्हणाले, "कुणाच्या डोळ्यात गेला तर?" त्यांनी पक्कड घेतली, माझा गळ काढून टाकला आणि जुनी काठी, जुने रीळ आणि मी, असे तिघेही तिच्या हवाली केले.

दांडी आधीच गेली होती, आता गळही गेला. ना जेवायच्या कामाचा, ना माशाच्या! मला रडू येत होते.

मंजुषाने मात्र चाळीमागच्या मोकळ्या जागेत एक घमेले ठेवले आणि लांबून मला त्यात फेकू लागली. पोरे चिडवायची, "मंजी जमिनीतले मासे पकडते!" ती म्हणायची, "पकडते. आधी तुलाच पकडू का?" सुरुवातीला मी गटारात पडायचो, वाळत घातलेल्या चादरीत अडकायचो, एकदा तर शेजारच्या कोंबडीला लागलो. पण रोज शाळेतून आली, की दप्तर टाकायची आणि मला घ्यायची. हळूहळू घमेल्यात ठण् असा आवाज यायला लागला. मग घमेले आणखी लांब गेले. मग पुन्हा ठण्! एका संध्याकाळी तिने डोळे मिटून मला फेकले आणि घमेले वाजले. त्या दिवसापासून ती चालायचीसुद्धा वेगळी.

मधुकररावांनी तिला एकच गोष्ट शिकवली. "चमचा दगडात अडकला, तर ओढायचा नाही. ओढला की तुटतो. ढील द्यायची. पाणीच सोडवून देतं."

मग तो रविवार आला.

नवरात्र तोंडावर आले होते. पाऊस सरला होता, पण वरचे धरण काठोकाठ भरलेले होते. आम्ही सगळे नदीवर गेलो. मधुकरराव दगडांवरून उड्या मारत पात्रातल्या एका मोठ्या कातळावर जाऊन उभे राहिले. वाटेत घोट्याएवढेच पाणी होते. काठावर सुलभाबाई भाकरी सोडत होत्या, गोकुळकाका विडी ओढत होते आणि मंजुषा मला ओल्या वाळूत फेकून सराव करत होती.

तेवढ्यात भोंगा वाजला.

मधुकररावांनी मानसुद्धा वळवली नाही. गोकुळकाका म्हणाले, "पहिली पाळी सुटली."

मंजुषाचा हात थांबला. "काका, आज रविवार आहे ना?"

"मग दुसऱ्या कंपनीचा असेल. सिल्वासात भोंग्यांचा काय तोटा, पोरी?"

पण कंपनीचा भोंगा एकदा ओरडतो आणि थांबतो. हा थांबेना.

"आप्पा!" मंजुषा ओरडली. "आप्पा, परत या!"

"थांब गं, मासा हलेल!"

वरच्या अंगाने एक माणूस धावत आला. ते जवळच्या रांधा गावचे सुकदेवभाऊ होते. बैल धुवायला आले होते. "अरे, बाहेर निघा! धरणाचा भोंगा आहे, पाणी सोडलंय!"

मधुकररावांनी वळून पाहिले, तेव्हा घोट्याएवढे पाणी मांडीएवढे झाले होते. त्यांनी एक पाय खाली घातला आणि लगेच वर ओढून घेतला. त्या गडबडीत नवी काठी हातातून सुटली आणि वाहून गेली. पाणी लाल झाले. त्यात काटक्या, फेस, मग अख्ख्या फांद्या वाहून येऊ लागल्या. कातळ बघता बघता आक्रसत होता. मघाशी त्यावर बैलगाडी उभी राहिली असती. आता एक माणूस जेमतेम मावत होता.

सुलभाबाईंच्या हातातली भाकरी वाळूत पडली. "अहो, बसा! खाली बसा! दगडाला धरा!"

सुकदेवभाऊंनी गाडीवरचा नाडा आणला. चांगला दणकट, चारा बांधायचा दोर. त्यांनी गोळा करून तो जीव खाऊन फेकला. अर्ध्यावर पडला आणि पाण्याने काठाला आणून लावला. पुन्हा फेकला. पुन्हा तेच.

"माझा तंगूस घ्या, जाड आहे, बैल बांधला तरी तुटणार नाही," गोकुळकाका म्हणाले. त्यांनी टोकाला शिसे बांधून फेकला. तो तर पायाशीच पडला.

"जाड जवळ पडतो!" मंजुषा एकदम म्हणाली. "काका, बारीक लांब जातो! मी बारीक पोचवते. त्याला तुमचा जाड बांधा, जाडाला नाडा बांधा. आप्पा ओढून घेतील!"

"पोरी, खेळ आहे का हा?"

सुलभाबाईंनी गोकुळकाकांना बाजूला सारले. "फेकू द्या तिला. बाजूला व्हा, भाऊजी!"

मंजुषाने मला उचलले.  काठी मागे गेली आणि मी सुटलो. पण तिने घाई केली होती. मी अलीकडेच पडलो. पाण्याने मला खाली दाबले, दगडावर घासत नेले आणि एका कपारीत कोंबले. माझ्या पाठीवरचा ओरखडा तेव्हाचा. वर तंगूस ताणला. बारीक तंगूस कण्हू लागला. आता ती ओढणार, तो तुटणार, आणि दुसरा चमचा त्या काठावर नव्हता!

"ओढ!" गोकुळकाका ओरडले.

"नाही," मंजुषा म्हणाली. आणि तिने ढील दिली.

वर आप्पांच्या गुडघ्याला पाणी लागले होते आणि ही पोरगी रिळातून तंगूस सोडत होती! सुलभाबाईंनी तोंडात पदर कोंबला. सैल तंगूस वाहत खाली गेला, त्याला पोट आले, आणि त्या पोटाने मला मागच्या बाजूने ओढले. एक हिसका बसला. मी सुटलो!

ती भराभरा रीळ फिरवत वरच्या अंगाला धावली. या खेपेला तिने आप्पांकडे पाहिलेच नाही. मी शपथेवर सांगतो, तिला तिथे घमेले दिसत होते. मी उडालो. इतका उंच मी कधी गेलो नव्हतो. खाली लाल पाणी, समोर वाकलेला माणूस. मी त्यांच्या डोक्यावरून जायला हवे होते. गेलो नाही. सणकन त्यांच्या कपाळावर बसलो!

गळ असता तर काय झाले असते, सांगा. पण मला गळ नव्हता. त्यांनी मला दोन्ही हातांनी छातीशी धरले.

"पकडला!" मंजुषा किंचाळली. "आप्पा, हळू ओढा! हिसका नको!"

बारीक तंगूस गेला. त्याच्या मागून जाड तंगूस गेला. त्याच्या मागून नाडा. मधुकररावांनी नाडा काखेखालून बांधला. अलीकडे सुकदेवभाऊंनी बाभळीच्या खोडाला वेढा घातला आणि सगळे मागे रेलले. मधुकररावांनी कातळ सोडला. त्यांचे डोके पाण्याखाली गेले. सुलभाबाई नाडा ओढत होत्या, तळहाताची साल निघाली तरी ओढत होत्या. डोके वर आले. पुन्हा गेले. मग वाळूवर हात आला, आणि त्या हाताच्या मुठीत मी होतो.

 मधुकररावांनी पाणी ओकले, कपाळावरचे टेंगूळ चाचपले आणि लेकीकडे पाहिले. "नेम चुकला तुझा," ते म्हणाले आणि रडू लागले.

त्यानंतर नदी बंद झाली. सुलभाबाईंनी काठी, रीळ, सगळे पोत्यात घालून माळ्यावर टाकले. मीही त्यात होतो. अंधारात माझी कडी गंजली. खालून हसण्याबोलण्याचे आवाज येत. मला वाटले, विसरले सगळे.

पुढल्या नवरात्रात घर झाडताना सुलभाबाईंच्या हाताला मी लागलो. त्या मला घेऊन माळ्याच्या शिडीवरच बसून राहिल्या. मग पदराला पुसले आणि आमलीच्या बाजारात भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे नेले.

"ताई, मोडका चमचा आहे. दांडी नाही, नाव कुठं घालू?"

"पोटात घाला. मंजुषा."

"अगं, रुखवत तुझं," घरी आल्यावर ते नाव वाचून मधुकरराव म्हणाले.

"आता तिच्या रुखवतात जाईल. आणि जावई असा बघा, ज्याला भोंगा ओळखता येतो!"

"आई!" मंजुषा ओरडली.

तेव्हापासून मी दारात आहे. कधी भोंगा वाजतो. सुलभाबाईंचा हात पिठात थांबतो, मधुकरराव पेपर खाली करतात. मंजुषा कान देते. भोंगा थांबतो. "कंपनीचा," ती म्हणते, आणि मग स्टोव्हचा आवाज पुन्हा मोठा होतो.

मित्रांनो, तुम्हीही कान द्या. रोज ऐकू येते म्हणून सोडून देऊ नका. आणि कधी तो भोंगा थांबलाच नाही, तर हातातले सगळे तिथेच टाका आणि काठावर या. काठी नवी मिळते. रीळ नवे मिळते. चमच्यांचे तर विचारूच नका, आम्ही सहा होतो.

आप्पा एकच होते.