बोट लागली

मुलीने आईवडिलांना बोटीच्या सहलीवर पाठवलं, ते आईच्या मनाविरुद्ध. आईला गाडी लागायची. टॅक्सीने चार चौक ओलांडले तरी चेहरा पांढराफटक. म्हणून तिने गोळ्या, लिंबं आणि कागदी पिशव्यांची थप्पी सोबत घेतली. नवरा चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. पिशव्या बघून तो हसला. "लागणंबिगणं सगळे मनाचे खेळ," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र खवळला आणि ड्रायव्हरसाहेब आडवे झाले. बाईसाहेब मात्र ठणठणीत; गोळीने की कशाने, देव जाणे. डुलत्या केबिनमध्ये तिने सँडविच खाल्लं, तेही त्याच्यासमोर बसून. एवढा सूड तिला माफ असावा.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बोट लागली का गं?" त्याला म्हणायचं होतं, धक्क्याला लागली का.

"लागली की. तुम्हाला."

बोटीवरचा डॉक्टर इंजेक्शन देऊन गेला. जाताना म्हणाला, "चालवणाऱ्याला लागत नाही हो, बसणाऱ्याला लागते." मग तिने नवऱ्याला खिडकीकडे वळवलं, लिंबू हुंगायला दिलं आणि लांबच्या क्षितिजरेषेवर नजर ठेवायला सांगितलं. या विषयात तिचा हात कोण धरणार?

लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती बहिणीच्या लग्नाला त्याच्याच बसने निघाली होती. वळणांच्या रस्त्यावर तिने दोनदा ओरडून सांगितलं, गाडी थांबवा. थांबली नाही. भरल्या बसमध्ये कपडे खराब झाले, लोक हसले. पुढच्या थांब्यावर उतरून ती माघारी आली आणि बहिणीचं लग्न हुकलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं तो आजवर सांगत आला. ती परत त्याच्या बसमध्ये चढली नाही. माफी तिला नकोच होती. खरं काय ते एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"यांना थांबवायला सांग गं," तो कण्हला. "पाचच मिनिटं."

"कोण थांबवेल? त्यांना वेळ गाठायची असते."

त्याने हातातलं लिंबू बाजूला ठेवलं.

"ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. गाडी सात मिनिटं मागे होती."

"सात," ती म्हणाली. तिला भयंकर राग आला. तेवढ्यात त्याला पुन्हा उमळून आलं आणि तिने त्याचं कपाळ धरलं.