माझी ऊब मलाच बाधली

मी सरोवराकाठची ओंडक्यांची जुनी खाणावळ बोलतेय. दारावर ‘ऐतिहासिक वास्तू’ अशी पाटी आहे. तिला शोभेल असं घसा खाकरून बोलायला हवं, पण खाकरलं की भिंतीतलं शेवाळ गळतं.

मला हाल्वर आणि टॉलिव या दोघा भावांनी बांधलं. उत्तरेत आले होते सोनं शोधायला. ते मिळालं नाही, म्हणून मी झाले. ओंडके रचले, फटींत शेवाळ कोंबलं, आणि लांब उभं राहून माझ्याकडे बघत राहिले, जसा काही राजवाडाच.

पुढे चूल अल्फॉन्सीनकडे आली. ती इथलीच, इथल्या मूळच्या डेने लोकांतली. तिच्या कॅरिबू हरणाच्या रश्श्यासाठी माणसं बर्फ तुडवत येत. मला वाटे, माझ्या उबेला येतात! त्याच तोऱ्यात मी राहिले. माझ्याखालची जमीन बारमाही गोठलेली. चुलीच्या उबेनं तीच वितळली आणि स्वयंपाकघराचा कोपरा खचला. जुनी गिऱ्हाइकं उताराकडे पाठ करून बसेनात. नवख्यांच्या मांडीत रस्सा.

दक्षिणेतून इंजिनिअर आला आणि पाडा म्हणाला. पाडलं तर अल्फॉन्सीनला शहरात लेकीच्या फ्लॅटवर जाऊन बसावं लागणार होतं. तिचं कशात लक्ष लागेना.

विमान चालवणारा यूजीन रोजचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, “वाकलेलं पाडायचं तर तुझ्यापासूनच सुरुवात होईल, म्हातारे.”

“तुझं विमान आधी,” ती म्हणाली.

मग त्यानंच सुचवलं, गावातली बाकी घरं जमिनीपासून वर, खुंटांवर उभी आहेत, हिलाही तसंच करू. हिवाळाभर चूल बंद ठेवली, जमीन दगडासारखी गोठू दिली. मी कुडकुडले, कौतुक करून घ्यायलाही कोणी नव्हतं.

उन्हं लांबली तशी माणसं जॅक घेऊन आली. पहिल्याच उचलीला मी असा काही आवाज काढला की सगळे मागे सरले. तेवढ्यात अल्फॉन्सीन आत येऊन बाकावर बसली. यूजीननं बाहेर ये म्हणून विनवलं.

“मी आत असले की ती नीट वागते,” ती म्हणाली. “जॅक फिरव तू.”

एवढा भरवसा माझ्यावर कोणी टाकला नव्हता. मी दातओठ खाऊन सरळ झाले.

आता पोटाखालून वारा जातो, जमीन गोठलेली राहते, आणि चूल हिवाळ्यातही पेटते. त्या मोकळ्या जागेत गावची घसरगाडीची कुत्री येऊन झोपतात. पाहुणे फोटोसाठी त्यांना हाकलायला सांगतात. तेवढं करू नका. वर अल्फॉन्सीन भाकरी थापते, खाली ती घोरतात. ऐतिहासिक म्हणवून घेण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं.