हयवदनचा चंद्र

आमच्या हयवदनने कंप्युटरवर चंद्र उगवायचा प्रोग्राम केला, तेव्हा राजाजीनगरात मी सगळ्यांना सांगितलं, की उगवण्याआधी चंद्र आमच्या नातवाला फोन करतो. दिल्लीच्या साहेबांनी तो प्रोग्राम मागितला, पण याने दिला नाही, असंही सांगितलं. हयवदन बिचारा लाल व्हायचा.

गोष्ट साधी होती. आमच्याकडचं कॅलेंडर मुंबईचं. त्यातला चंद्र बेंगळुरूच्या चंद्रापेक्षा उशिरा उगवतो, म्हणजे संकष्टीला इथल्या बायका उगाच जास्त उपाशी. म्हणून ह्याने ऑफिस सांभाळून, हौसेखातर इथली वेळ काढायला घेतली. चंद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा येतो, एवढ्याच हिशोबावर. तो स्वल्प चुकतो हे त्याला ठाऊक होतं. म्हणून मला काम दिलं होतं: आकाश मोकळं असेल तेव्हा गच्चीवर जा, किती फरक पडला ते मला सांग, मी दुरुस्त करीन. रात्री उशिरापर्यंत तो बहुधा ऑफिसातच असायचा.

ज्येष्ठापर्यंत मी नीट सांगितलं. मग पावसाळा लागला, ढगांत कुठला चंद्र दिसतोय. प्रोग्रामचा चंद्र मात्र दर महिन्याला थोडा थोडा लवकर येऊ लागला. सगळ्या बायका खूश. कॅलेंडरवाल्यांपेक्षा आपला हयवदन बरा, म्हणायच्या. श्रावणात एकदा ढग फाटले आणि मला दिसलं, की चंद्र आत्ता वर येतोय आणि आम्ही सगळ्या आधीच जेवलोय. हयवदनने विचारलं तर मी म्हटलं, बरोब्बर.

खालच्या मजल्यावर तानूबाई राहायची. तिच्या मुलाचा, महांतेशचा पाय स्कूटरवरून पडून मोडला होता, दोनदा ऑपरेशन झालं. ती एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलली होती, तोंडात पाण्याचा थेंब न घालता. दोनच उरल्या होत्या. ती मला दर वेळी विचारायची, अज्जी, उगवला का? आणि मी बाल्कनीतून ओरडायची, उगवला गं.

भाद्रपदातही ओरडले. तिने ढगाला अर्घ्य दिलं, जेवायला बसली. तेवढ्यात करंट गेला. उकडतं म्हणून सगळे गच्चीवर आलो, तर पूर्वेला ढग सरकलेले आणि पाण्याच्या टाकीमागून लालभडक चंद्र अर्धाच वर आलेला. तानूबाईच्या हाताला अजून वरण लागलं होतं.

"अज्जी, हा आत्ता उगवतोय," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, मघाशी येऊन गेला, काहीतरी विसरला म्हणून परत आलाय. दोघी-तिघी हसल्या. तानूबाई हसली नाही. हात तसाच धरून जिना उतरून गेली.

मला वाटलं गच्चीने मला गिळावं.

घरात मेणबत्तीच्या उजेडात हयवदनने हळूच विचारलं, "अज्जी, तुला कळलं होतं?"

"भूक लागायची रे," मी म्हटलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. सकाळी त्याने प्रोग्राम कंप्युटरवरून पुसला, फ्लॉपीसुद्धा मोडली. दुरुस्त कर की, म्हटलं, तर नको म्हणाला, ह्याचा पायाच कच्चा आहे. मग तानूबाईकडे गेला. मी मागे. चूक माझी, मी तपासलं नाही, एवढंच तो म्हणाला. माझं नाव घेतलं नाही. मी घ्यायला हवं होतं. एरवी चंद्राशी फोन जोडून देणारी मी, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. शेवटी म्हटलं, मी बघितलं होतं गं, श्रावणातच.

तानूबाईने माझ्याकडे पाहिलंच नाही. पहिल्यापासून धरते परत, असं भिंतीकडे बघत म्हणाली.

अव्हेन्यू रोडवरून हयवदनने खगोलाचं जाडजूड पुस्तक आणलं. नवीन प्रोग्रामात चंद्राची चाल रोज वेगळी मोजणार, आणि एक वर्ष खऱ्या चंद्राशी ताडून बघितल्याशिवाय कुणालाही वेळ सांगणार नाही, असं ठरवलं. ताडायला माणूस हवं. ते विचारायलाही तो खालीच गेला.

"सरी, येते," तानूबाई म्हणाली. "पण उशीर झाला तर उशीरच सांगीन."

पुढच्या संकष्टीला त्याने गच्चीवर तिच्यासाठी खुर्ची नेली. मी विचारलं, मी येऊ? ये, म्हणाला, पण बोलू नकोस.

मी जमिनीवर बसले. पोटात कावळे ओरडत होते. बायका जिन्यातून विचारत होत्या, अज्जी, झाली का वेळ? मी गप्प. कडा दिसली तेव्हा तानूबाईने घड्याळ बघून हयवदनला वेळ सांगितली, त्याने लिहून घेतली, आणि मग ती पाण्याचा तांब्या आणायला उठली.