इथे गाडीचे दोन तुकडे होतात

मित्रांनो, मी एक जुने रेल्वे स्थानक आहे, आणि माझे डोके अजून ठिकाणावर आलेले नाही. जर्मनीतल्या मोसरॉइट गावात लाल विटांनी मला बांधले, त्याला सव्वाशे वर्षे झाली. शहराकडून आलेली गाडी माझ्यापाशी तोडतात. पुढचे डबे डोंगरावर जातात, मागचे तळ्याकडे. परतताना दोन्ही तुकडे माझ्याच फलाटावर पुन्हा जोडतात.

पूर्वी आलोइस मास्तर लाल टोपी घालून ओरडायचे, "डोंगरवाले पुढे, तळेवाले मागे!" सगळे माझी वाहवा करायचे. मग मास्तरांना घरी बसवले आणि माझ्या छताला भोंगा लावला. तो कुठल्या शहरातून बोलतो, देव जाणे. तोंड माझे, शब्द भलत्याचेच! मास्तर मात्र रोज येऊन बाकावर बसतात.

गेल्या रविवारी गावातल्या वाल्ट्राउटबाई प्लमचा केक घेऊन आल्या. अकरा वर्षे अबोला धरलेल्या बहिणीचे डोंगरावरून पत्र आले होते. 'दहाच्या गाडीने ये. आली नाहीस, तर तुझ्यासाठी मी मेले असं समज.'

बाई पुढच्या डब्यात चढल्या. मास्तर धडपडत उठले.

"अहो वाल्ट्राउटबाई, उतरा! आज डबे उलटे लागलेत. पाटी बघा, तळ्याची आहे!"

"टोपी गेली तरी हुकूम सुटत नाही का मास्तर? भोंगा सांगतोय ना, डोंगरवाले पुढे म्हणून? जाहीर केलंय म्हणजे खरंच असणार!"

आमच्या गावाची ही जुनी खोड. दार मिटले आणि बाई तळ्याकडे गेल्या. माझ्याच तोंडून खोटे बाहेर पडले होते.

बाराला तळ्याकडचे डबे परतले. बाई रडत उतरल्या. मागोमाग डोंगरावरचे डबे येऊन खटकन जोडले गेले. त्यातून काठी टेकत एक म्हातारी उतरली.

"वाल्ट्राउट! तिकडे वर तासभर फलाटावर ताटकळले मी. तुझ्या घरी भांडायलाच निघालेय!"

"रोझविटा, अगं, चुकीच्या डब्यात बसले... जाहीर केलं होतं गं..."

"अजून तशीच बावळट!" असे म्हणून तिने बहिणीला घट्ट कवटाळले.

मला लाज वाटावी की आनंद व्हावा, अजून कळत नाही. ती म्हातारी इतकी हट्टी नसती तर? मित्रांनो, भोंगा खुशाल ठेवा, पण माझ्या बाकावर एक माणूसही असू द्या आणि त्याचे ऐका.

या रविवारी भोंगा बोलतच होता. वाल्ट्राउटबाई केकचा तुकडा घेऊन थेट बाकापाशी गेल्या.

"मास्तर, डोंगर आज पुढे की मागे?"